मामांच्या कोठ्याची रोजकीर्द

ज्या गोष्टीचा चारचौघांत उच्चार करणे असभ्यपणाचे, तिचीच चौकशी चारचौघे उघडउघड आणि काळजीच्या सुरात करू लागतात, असा एक दिवस माणसाच्या आयुष्यात येतो. माझ्या मामांच्या आयुष्यात तो गेल्या वर्षी श्रावणात आला. अपेंडिक्स फुटल्यामुळे रातोरात त्यांचे पोट उघडावे लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन खाटेपाशी आले, नळी पोटावर टेकवून त्यांनी कान दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, वारा सरला का?"

मामांचे वय एकाहत्तर. साताऱ्याच्या एका पतपेढीत चौतीस वर्षे हिशेबनीस म्हणून काढलेली. खाटेभोवती सून, नात, व्याही असा सगळा गोतावळा उभा. मामा भिंतीकडे पाहू लागले. शेवटी मामींनीच उत्तर दिले, "अजून नाही हो, डॉक्टर."

त्यानंतर जो येई तो हेच विचारी. नर्स विचारी, वॉर्डबॉय विचारी, फोनवरून मुंबईचे जावई विचारीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शुभवार्ता आली तेव्हा मामींनी घरी निरोप धाडून देवापुढे साखर ठेवायला लावली! मामांनी मात्र मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "अरे, मला एक वही आणून दे. सगळे विचारतातच आहेत, तर नोंद तरी नीट असू दे. हिशेबात लाज धरून चालत नाही."

मी वही आणली. मामांनी पट्टीने रकाने आखले : दिवस, वेळ, किती, कसे, औषध, शेरा. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'रोजकीर्द'. आम्ही सगळे हसलो. पण हीच वही पुढे त्यांच्या जिवावर आलेले संकट ओळखायला उपयोगी पडली. दिवाळीच्या फराळाबरोबर असला विषय वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण चकल्या आणि चिवडा शेवटी जातो कोठे, तेही ठाऊक असलेले बरे!

आतडे का रुसते?

आपले आतडे म्हणजे स्नायूंचे एक लांबलचक नळकांडे. लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे दीड मीटर. त्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे असते. त्यामुळे मेंदूची परवानगी न विचारताही ते आपले काम चालवू शकते. पोट रिकामे असले म्हणजे दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलासुरला कचरा पुढे ढकलते. पहाटे झाडू मारीत जाणाऱ्या सफाईवालीसारखीच ही व्यवस्था. रिकाम्या पोटात जी गुरगुर ऐकू येते ती पुष्कळदा या झाडूचीच.

पोटाची शस्त्रक्रिया झाली की हे सारे थबकते. असे का व्हावे? पूर्वी समजत, की भुलीच्या औषधाची गुंगी आतड्यालाही चढते. १९०६ साली अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी मर्फी यांनी मांजरांवर प्रयोग करून पाहिले. नुसती भूल दिलेल्या मांजरांचे आतडे लवकर कामाला लागले. ज्यांच्या आतड्याला हाताळले होते त्यांचे मात्र बराच वेळ रुसून बसले. म्हणजे गुन्हा भुलीपेक्षा हाताळण्याचा अधिक.

आज त्याचा उलगडा असा होतो : हात लागताच प्रथम मज्जातंतू ब्रेक दाबतात आणि काही तासांनी आतड्याच्या स्नायूलाच बारीकशी सूज येते. त्यात भर पडते वेदनाशामकांची. मॉर्फीन आणि त्याच्या जातीची औषधे जशी मेंदूतील वेदना शमवतात, तशीच आतड्याची हालचालही मंदावतात. जोडीला उपास आणि अंथरुणाला खिळलेले शरीर. मग आतडे जागे तरी कशाने व्हावे?

ते जागे होते तेही क्रमाने. लहान आतडे बहुधा एका दिवसात, जठर एक-दोन दिवसांत आणि सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी, मोठे आतडे. वारा सरला म्हणजे हा शेवटचा झोपाळूही उठला. म्हणून सर्जनसाहेबांना त्या प्रश्नाचे एवढे अगत्य!

मामींचे मत मात्र वेगळे होते. "ही कडक अँटिबायोटिकं! त्यांनीच कोठा बांधला," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. असे मानणारे घरोघरी भेटतात. पण ही रक्कम चुकीच्या खात्यावर लिहिली जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या मलावरोधाचे धनी बहुधा अँटिबायोटिक नसते. हाताळणी आणि वेदनाशामके हेच खरे धनी. एरिथ्रोमायसीन या अँटिबायोटिकाचा गुण तर अगदी उलटा आहे. आपल्या शरीरातील मोटिलीन नावाचा पदार्थ जठराला हलवतो आणि हे औषध त्याचीच नक्कल करते. त्यामुळे जठर रिकामे होत नसेल तर डॉक्टर ते कधीकधी मुद्दाम देतात. शस्त्रक्रियेनंतर रुसलेले मोठे आतडे मात्र त्याने लवकर हलते, असे काही आढळलेले नाही.

पूर्वी वारा सरेपर्यंत रोग्याला पाण्याचा थेंबही देत नसत. १९९० नंतरच्या दशकात कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी ही रूढी मोडायला सुरुवात केली. रोग्याला लवकर उठवा, लवकर चालवा, लवकर थोडेथोडे खाऊ घाला आणि मॉर्फीनच्या जातीची औषधे कमीत कमी वापरा, असा त्यांचा मार्ग. तो आता जगभर मान्य झाला आहे. मामांनाही दुसऱ्याच दिवशी दोघांनी धरून चालवले. "मरायला टेकलेल्या माणसाला कवायत कसली करायला लावता?" म्हणून मामी रागावल्या, पण ती कवायतच उपयोगी पडली.

पाचव्या दिवशी वहीत नोंद झाली : 'सकाळी ७. एक वेळ. घट्ट. शेरा : समाधान.' सहाव्या दिवशी आम्ही मामांना घरी आणले. बरोबर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या होत्या.

पहारा आणि लढाई

या गोळ्या कशासाठी, हे आधी पाहू. शस्त्रक्रियेत अँटिबायोटिक दोन कारणांनी देतात. एक पहाऱ्यासाठी, दुसरे लढाईसाठी.

जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून देतात तो पहारा. बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की जंतू शिरण्याच्या आधी औषध रक्तात हजर असेल तर फायदा सर्वांत जास्त. जंतू शिरून तीन तास उलटले की देऊन-न देऊन सारखेच. म्हणून पहाऱ्याचा डोस सुरी लावण्यापूर्वी, बहुधा तासाभरात देतात. आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ पहाऱ्यासाठी तो पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे. 'असू द्यात आणखी पाच दिवस' हा आग्रह पुष्कळदा रोग्याच्या नातेवाइकांचाच असतो. त्याने जखमेला फायदा होत नाही. त्रास मात्र आतड्याला होतो.

मामांची गोष्ट वेगळी. फुटलेल्या अपेंडिक्समधून घाण पोटभर पसरली होती. तेथे पहारा नव्हे, लढाईच हवी होती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीत पेनिसिलीन सापडले. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलीन बनू लागले. त्याआधीच्या काळात मामांसारख्या रोग्यांपैकी किती जण घरी परतत नसत, हे जुनी माणसे सांगतात. तेव्हा अँटिबायोटिक म्हणजे विष, असे कोणी या लेखावरून समजू नये.

परंतु लढाईत गावकरीही सापडतात. आपल्या शरीरात जंतूंची जी वस्ती आहे, तिची संख्या २०१६ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३८ लाख कोटी! आपल्या शरीरातील पेशींची संख्याही जवळपास तेवढीच. यांतील बहुतेक मंडळी मोठ्या आतड्यात राहतात आणि भाड्याच्या बदल्यात कामे करतात. आपल्याला न पचलेला कोंडा-चोथा ती आंबवतात. त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते आणि पाणी शोषून घेते. पित्तातील आम्लांचे रूपही हीच मंडळी बदलतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सगळी जागा त्यांनी व्यापलेली असल्यामुळे बाहेरच्या गुंडाला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

अँटिबायोटिकला शत्रू आणि रहिवासी यांतला भेद कळत नाही. रहिवासी मेले की न आंबलेली साखर पाणी धरून ठेवते, पाणी शोषले जात नाही आणि पोट सुटते. अ‍ॅमॉक्सिसिलीनबरोबर जे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल देतात, ते शिवाय आतड्याला स्वतःच डिवचते. अँटिबायोटिक घेणाऱ्या शंभर रोग्यांत साधारण पाचांपासून तिसांपर्यंत जणांना असे जुलाब होतात; औषधागणिक आकडा बदलतो. बहुतेकांचे जुलाब सौम्य असतात आणि औषध संपताच थांबतात. पण सगळ्यांचे नव्हे.

'कठीण' नावाचा जंतू

१८९३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे फिनी नावाच्या सर्जनने एका तरुण स्त्रीच्या जठरावर शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली. पण पुढे त्या स्त्रीला जुलाब सुरू झाले आणि त्यांतच ती दगावली. आतडे उघडून पाहिले तो आतून सायीसारखा पापुद्रा धरलेला! तेव्हा अँटिबायोटिक कोणी स्वप्नातही पाहिले नव्हते. पण अँटिबायोटिके आली, आणि हा दुर्मिळ आजार अधिकाधिक दिसू लागला.

जंतू मात्र केव्हाच सापडला होता. १९३५ साली हॉल आणि ओटूल या संशोधकांना तो तान्ह्या मुलांच्या शौचात आढळला होता. तो वाढवणे फार कठीण गेले म्हणून त्यांनी त्याचे नाव 'डिफिसिलिस', म्हणजे 'कठीण', असे ठेवले. धडधाकट बाळांच्या पोटात तो सुखाने नांदताना पाहून त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही. १९७४ साली क्लिंडामायसीन हे औषध घेतलेल्या २०० रोग्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील पाचांत एकाला जुलाब आणि दहांत एकाला तो पापुद्र्याचा आजार झाल्याचे दिसले. मग शोधाला जोर आला, आणि १९७८ साली चोर सापडला : क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. हल्ली डॉक्टर थोडक्यात 'सी. डिफ' म्हणतात.

त्याची रीत अशी : त्याचे बीज कवचात दडून महिनोन्महिने टिकते. रुग्णालयात खाटेच्या कठड्यावर, संडासाच्या कडीवर, माणसांच्या हातांवर ते असते. ते पोटात गेले तरी रहिवासी जागे असतील तर त्याला रुजू देत नाहीत. अँटिबायोटिकने वस्ती उठवली की ते रुजते आणि विष सोडते. त्या विषाने आतड्याचे अस्तर सोलवटते. पासष्टीच्या पुढचे वय, रुग्णालयातील मुक्काम आणि अँटिबायोटिक, हा तिहेरी योग जुळला म्हणजे धोका वाढतो. मामांच्या पत्रिकेत हे तिन्ही ग्रह एकत्र आले होते.

वहीतील दहावे पान

नवव्या दिवसाची नोंद : 'तीन वेळा. पातळ.' दहाव्या दिवसाचे पान मी आजही पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. मामांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : 'दुपारपर्यंत सात वेळा. निव्वळ पाणी. वास नेहमीचा नाही. दुपारी ४ : जुलाब थांबण्याच्या गोळ्या २, शेजारून. शेरा : डॉक्टरांस विचारले नाही. रात्री : शौच नाही. पोट फुगले. ताप १०१.'

शेजारच्या काकूंनी मायेपोटीच गोळ्या दिल्या होत्या. मामींनीही मायेपोटीच त्या चारल्या. जुलाब थांबले म्हणून रात्री आठ वाजता घरात सगळ्यांना हायसे वाटले होते!

अकराव्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा मामांचे डोळे खोल गेले होते आणि पोट नगाऱ्यासारखे ताणले होते. त्यांना बोलवेना. मी सर्जनना फोन केला आणि वहीतील पान जसेच्या तसे वाचून दाखवले. 'गोळ्या २' हे शब्द ऐकताच ते म्हणाले, "असाल तसे निघा. आणि वही बरोबर आणा."

शौचाच्या तपासणीत सी. डिफचे विष सापडले. चालू अँटिबायोटिक बंद झाले, शिरेतून पाणी आणि क्षार सुरू झाले, आणि व्हॅन्कोमायसीन नावाचे औषध तोंडाने देऊ लागले. येथे मी बुचकळ्यात पडलो. अँटिबायोटिकनेच घोटाळा केला आणि पुन्हा अँटिबायोटिकच? सर्जन म्हणाले, "हे औषध तोंडाने दिले की रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच राहते. आपल्याला ते तेथेच हवे आहे. आणि जुलाबाचे म्हणाल, तर घरात धूर झाला असताना खिडक्या बंद करतात का? तुमच्या त्या गोळ्यांनी खिडक्या बंद केल्या. विष आतच कोंडले."

दोन दिवस आम्ही धास्तीतच काढले. आतडे फार फुगले तर ते कापून काढावे लागते, हे आम्हांला सांगून ठेवले होते. मामी वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी मामांनी डोळ्यांनीच खूण केली. मी समजलो आणि वही दिली. थरथरत्या हाताने त्यांनी लिहिले : 'दोन वेळा. किंचित घट्ट.' औषध एकंदर दहा दिवस चालले.

काही रोग्यांत हा आजार पुनःपुन्हा उलटतो. त्यांच्यासाठी एक इलाज आहे तो ऐकून नाक मुरडू नये. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रोगी निरोगी माणसाच्या मलाचा एनिमा देऊन बरे केले. उजाड वस्तीत नवे रहिवासी आणून बसवण्याचाच हा प्रकार. पन्नासहून अधिक वर्षे फारसे कोणी तिकडे वळले नाही. २०१३ साली नेदरलँडमध्ये रीतसर तुलना झाली : या उपायाने पहिल्याच खेपेस १६ पैकी १३ रोगी बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसीनने १३ पैकी ४. फरक एवढा उघड, की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

आपण काय करावे?

मामांच्या वहीतून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. शस्त्रक्रियेनंतर थांबलेला कोठा आणि अँटिबायोटिकनंतर सुटलेला कोठा, ही दोन निरनिराळी खाती आहेत. ती एकमेकांत मिसळू नयेत आणि त्यांचा निकाल घरच्या घरी लावू नये.

कोठा थांबला असेल आणि त्याबरोबर उलट्या होत असतील, पोट फुगत असेल, वाराही सरत नसेल, तर घरचे एरंडेल किंवा रेचक देऊ नये, सर्जनना कळवावे. उलट, अँटिबायोटिक चालू असताना, किंवा ते संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंतही, दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाले तर डॉक्टरांना सांगावे. ताप, रक्त किंवा पोटफुगी असेल तर त्याच दिवशी गाठावे. दरम्यान मीठ-साखरेचे पाणी देत राहावे. जुलाब थांबवण्याची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये आणि चालू अँटिबायोटिकही आपल्या मनाने तोडू नये. ते थांबवायचे, बदलायचे की पुरे करायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

दहीभाताविषयी सगळेच विचारतात. पचत असेल तर दही-ताक खुशाल घ्यावे. अन्न म्हणून ते उत्तमच. पण वस्ती उठलेल्या आतड्याचे ते औषध आहे, अशा भरवशावर राहू नये. आणि हात धुवायचे ते साबण-पाण्यानेच. हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने या जंतूचे कवचातले बीज मरत नाही; वाहत्या पाण्याने ते निघून जाते.

असो. दिवाळीत मामांनी पाटावर बसून अर्धी करंजी खाल्ली. पाडव्याला वहीपूजनात पतपेढीच्या जुन्या वह्यांशेजारी ही वहीही मांडलेली होती. शेवटच्या पानावर दोनच शब्द : 'पूर्ववत. खातेबंद.'

यंदा उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. गोळ्यांच्या त्या प्रकारापासून त्या बिचाऱ्या आमच्याकडे यायला संकोचत. मामा आपण होऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी उपदेश केला नाही की मागचे काही काढले नाही. पिशवीतून एक कोरी वही काढून त्यांनी काकूंच्या हाती दिली. पट्टीने आखलेले तेच रकाने होते; फक्त एक नवा वाढवला होता : 'डॉक्टरांस विचारले काय?'